पुढचे दोन इंच : प्रस्तावना

अमेरिकेतला नवा पिकअप ट्रक रिकामा उभा असताना बाजूने पाहिला, तर त्याची मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच दिसते. फरक कुठे इंचभराचा असतो, कुठे दोन इंचांचा, जड मॉडेलांत तीन इंचांपर्यंतही. हा कल कारखान्यात मुद्दाम ठेवलेला असतो. हौद्यात माल चढला किंवा मागे ट्रेलर जोडला की मागचे पाटे दबतात, मागची बाजू खाली येते आणि गाडी सपाटीला येते. कंपनीने ती भरलेल्या अवस्थेसाठी सरळ केलेली असते, म्हणून रिकामी असताना ती नाकावर झुकलेली दिसते.

हा कल घालवून रिकामी गाडीच सपाट दिसेल एवढी तिची पुढची बाजू उचलायची, या कामाला तिथे लेव्हलिंग म्हणतात. त्यासाठी जे सुटे भाग मिळतात ते लेव्हलिंग किट. फोर्ड एफ-१५०, शेवरोले सिल्व्हराडो, रॅम १५००, टोयोटा टुंड्रा, टोयोटा टकोमा, यांतल्या प्रत्येकीसाठी अशी किट बाजारात ढिगाने आहेत. उचल दीड ते अडीच इंचांची, बहुतेकदा दोन इंचांची. शे-दोनशे डॉलरांत भाग आणि अर्ध्या दिवसात काम, असा हा बदल असल्यामुळे तो फार विचार न करता केला जातो. या पुस्तिकेचा विषय हे दोन इंच आहेत. टेक्सासात, मिशिगनमध्ये किंवा कॅलिफोर्नियात ज्या मराठी घरांसमोर पिकअप उभा आहे त्यांच्यासाठी ती प्रथम लिहिली आहे. गाडीच्या यंत्ररचनेची आवड असलेल्या इतर वाचकांनाही ती उपयोगी पडेल, कारण चाके, स्प्रिंगा आणि वजन यांचे नियम सगळीकडे सारखेच आहेत.

पिकअपचा जन्म शेतावरचा. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलरांना विकायला काढली. त्याआधी शेतकरी आणि दुकानदार साध्या मोटारीचा मागचा भाग कापून स्वतः लाकडी हौदा जोडत. १९४८ मध्ये फोर्डची एफ मालिका आली आणि १९७७ पासून ती अमेरिकेतली सर्वाधिक खपाची पिकअप मालिका आहे. या सगळ्या काळात गाडीचा मागचा भाग ओझ्यासाठी आखला जात राहिला. गाडीचा वापर मात्र बदलला. चार दारांची केबिन, चामड्याच्या सीटा, मुलांना शाळेत सोडणे, आठवड्याचा बाजार, कधीमधी घरी आणायचे एखादे कपाट. वर्षातले बहुतेक दिवस हौदा रिकामाच असतो. ओझ्यासाठी ठेवलेला कल ओझ्याविना रोज डोळ्यांसमोर राहतो आणि मालकाला तो खटकू लागतो. लेव्हलिंगची मागणी इथून येते, आणि ती अडाणीपणाची नाही. ज्याच्या हौद्यात कधीच काही चढत नाही, त्याने कंपनीचा कल जसाच्या तसा का सांभाळावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही, एवढ्याचसाठी पुस्तिका लिहावी लागली.

कल कुठून येतो ते आधी पाहू. बहुतेक पिकअपना मागे अखंड अ‍ॅक्सल आणि त्यावर पाट्यांची जोडी असते. सर्वांत खालचा जाड पाटा बहुधा मोकळाच राहतो. ओझे वाढून वरचे पाटे दबले की तो कामाला लागतो. रॅम १५०० मध्ये २००९ पासून आणि टुंड्रात २०२२ पासून मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा आल्या, पण हिशेब तोच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, तो आकडा त्यावर छापलेला असतो. अर्ध्या टनाच्या वर्गात मोडणाऱ्या आजच्या गाड्यांत तो साधारण ७०० ते ९०० किलो भरतो, आणि एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही वेगळा असू शकतो. हौद्यात पाचशे किलो खडी टाकली की मागची बाजू दोन-तीन इंच सहज बसते. कंपनीने वर ठेवलेले इंच तिथे खर्ची पडतात.

आता काम कसे होते ते. इथे जरा सावकाश जायला हवे, कारण ‘लेव्हलिंग केले’ या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांचे परिणामही वेगवेगळे आहेत.

आजच्या हलक्या पिकअपमध्ये पुढची दोन्ही चाके स्वतंत्र असतात. प्रत्येक चाकाला एक वरचा आर्म, एक खालचा आर्म आणि त्यांच्यामध्ये उभा बसवलेला कॉइल स्प्रिंग व शॉकअप यांचा एकत्रित खांब, म्हणजे स्ट्रट. सर्वांत स्वस्त किटमध्ये या स्ट्रटच्या डोक्यावर धातूची किंवा कठीण प्लॅस्टिकची चकती बसवतात. स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकलेला असतो, त्यामुळे वर एक इंचाची चकती टाकली तर चाकापाशी जवळपास दोन इंचांची उचल मिळते. स्ट्रट उघडावा लागत नाही, स्प्रिंगला हात लागत नाही, म्हणून गाडी पूर्वीइतकीच मऊ चालते. अडचण दुसरीकडे आहे. स्ट्रटची लांबी वाढल्यामुळे चाक पूर्ण खाली लोंबते तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या हद्दीच्या पलीकडे जाते. बॉल जॉइंट आणि चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा सीव्ही जॉइंट त्यांच्या कोनाच्या टोकाशी पोचतात, आणि काही गाड्यांत वरचा आर्म थेट स्प्रिंगला घासतो. चाक पूर्ण वर दाबले जाते तेव्हा उलटे घडते. रबरी ठोकळा टेकण्याच्या आधीच शॉकअपची हालचाल संपू शकते. रोजच्या डांबरी रस्त्यावर चाक या दोन्ही टोकांना क्वचितच जाते. कच्च्या वाटेवर वेगाने जाणाऱ्याचे मात्र नेहमी जाते.

दुसरा मार्ग स्प्रिंगच्या बैठकीत चकती टाकण्याचा, किंवा ज्यावर बैठक वर-खाली करता येते असा स्ट्रट घेण्याचा. यात स्ट्रटची लांबी तेवढीच राहते, पण गाडी उचलली गेल्यामुळे शॉकअप आधीच अर्धा-पाऊण ताणलेला उभा असतो. चाकाला खाली जायला जागा उरत नाही. खड्ड्यात चाक उतरले की शॉकअप पूर्ण ताणला जाऊन ठोका देतो. ‘लेव्हलिंगनंतर गाडी कडक झाली’ असे मालक म्हणतात तेव्हा बहुधा हाच ठोका त्यांना जाणवत असतो. स्प्रिंगचा कडकपणा वाढलेला नसतो, तिच्या खालची जागा कमी झालेली असते. ज्या गाड्यांना पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळाची पोलादी सळई असते, त्यांचेही असेच आहे. शेवरोलेच्या जड २५०० एचडी मॉडेलांत ती आजही आहे, आणि २००६ पर्यंतच्या हलक्या फोर-व्हील-ड्राइव्ह सिल्व्हराडोतही होती. तिथे एक बोल्ट फिरवून किंवा बारच्या टोकाची चावी बदलून गाडी उचलता येते. काम इतके सोपे आहे की लोक तो बोल्ट संपेपर्यंत फिरवतात. मग पुढचे आर्म खालच्या ठोकळ्यावर जवळजवळ टेकून राहतात आणि गाडी प्रत्येक खड्ड्याला हिसका देते.

तिसरा मार्ग महाग, हजार-दोन हजार डॉलरांचा आणि कधी त्याहूनही पुढचा. दोन इंच वर उभे राहण्यासाठीच बनवलेले नवे स्ट्रट घ्यायचे. त्यांची स्प्रिंग आणि आतली तेलाची झडप त्या उंचीला धरून आखलेल्या असतात, आणि चाकाची खाली-वर हालचाल दोन्हीकडे पुरेशी राहते. गरज पडली तर वरचे आर्मही बदलतात, म्हणजे बॉल जॉइंट नव्या उंचीला मधल्या कोनात राहतो. हाच मार्ग मला योग्य वाटतो. ज्याला तो परवडत नाही त्याने दीड इंचावर थांबावे.

चौथा प्रकार मागची बाजू खाली आणण्याचा. फोर्डच्या काही गाड्यांत पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ठोकळा असतो. तो काढला की इंचभर फरक सरळ कमी होतो. गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, पुढच्या आर्मचे कोन बिघडत नाहीत, खर्च नगण्य. पण मागच्या चाकाला वर दबायला मिळणारी जागा तेवढीच घटते आणि ओझे टाकताच अ‍ॅक्सल रबरी ठोकळ्यावर आदळू लागतो. ज्याच्या हौद्यात खरोखर काही चढत नाही त्यालाच हे चालेल.

रॅम २५०० आणि फोर्ड एफ-२५० सारख्या जड फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यांना पुढेही अखंड अ‍ॅक्सल आहे. तिथे स्प्रिंगखाली चकती टाकणे सोपे, आणि सीव्ही जॉइंटच्या कोनाची चिंताही नाही. मात्र तो अ‍ॅक्सल लांब दांड्यांनी चॅसिसला बांधलेला असतो. गाडी उचलली की दांड्या खाली कलतात आणि त्यांच्याबरोबर अ‍ॅक्सलही किंचित फिरतो. चाकाचा स्टिअरिंगचा जो आस मागे झुकलेला असायला हवा, त्याचा झुकाव कमी होतो. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते आणि हमरस्त्यावर गाडी सरळ रेषेत धावते ती त्याच्यामुळे. तो कमी झाला की गाडी भटकते आणि ड्रायव्हरला सतत बारीक दुरुस्ती करत राहावे लागते. अ‍ॅक्सलला आडवा धरणारा दांडाही फिरतो आणि अ‍ॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. योग्य लांबीचे आणि योग्य छिद्रांचे भाग घालून हे दोन्ही दोष काढता येतात. ते न घालता नुसती स्प्रिंग उचलणे हे अर्धे काम आहे.

स्वतंत्र चाकांच्या गाडीतही व्हील अलाइनमेंट बिघडतेच. वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब, त्यामुळे गाडी वर गेली की चाकाचे डोके बाहेर कलते. टाय रॉड कलतात आणि दोन्ही चाकांची तोंडे एकमेकांच्या तुलनेत आत किंवा बाहेर वळतात. टायर आठवड्यात झिजत नाही, म्हणून हा दोष लपून राहतो. काही हजार मैलांनंतर टायरची एक कड गुळगुळीत झालेली दिसते तेव्हा चार टायरांच्या किमतीत सगळी बचत गेलेली असते. किट बसवल्याच्या दिवशीच अलाइनमेंट करून घेणे हा कामाचाच भाग आहे, आणि ज्या गॅरेजमध्ये त्याचा उल्लेखही होत नाही तिथून गाडी परत आणावी.

फायद्यांबद्दल आता बोलतो, आणि दिसण्यापासून सुरुवात करतो. चाळीस-पन्नास हजार डॉलर मोजून घेतलेली गाडी डोळ्यांना नीट दिसावी ही इच्छा खरी आहे. तिला कोणी नावे ठेवू नयेत. कंपन्याही ती ओळखतात. शेवरोलेची ट्रेल बॉस आवृत्ती दोन इंचांची उचल घेऊनच कारखान्यातून निघते, आणि तिच्या अलाइनमेंटची व दिव्यांची जबाबदारी कंपनीची असते. दुसरा फायदा टायरचा. पुढच्या चाकाभोवती जागा वाढते आणि ३३ इंचांचे टायर वळणावर मडगार्डला न घासता बसू शकतात. साडेएकतीस इंचांच्या जागी ३३ इंच घातले तर परीघ जवळपास ५ टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर ६० मैल दाखवतो तेव्हा गाडी ६३ च्या आसपास असते, आणि वेग घ्यायला व थांबायला ती थोडी जास्त मेहनत करते. कच्च्या रस्त्यावर पुढचा बंपर चढाला लागत नाही हा तिसरा फायदा. इथे एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. पिकअपच्या पोटाखालची सर्वांत खालची जागा बहुधा मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा असते, आणि पुढची बाजू उचलून त्याची उंची एका मिलिमीटरनेही वाढत नाही.

माझ्या मते लेव्हलिंगचे सर्वांत पक्के कारण मात्र फार थोड्यांना लागू पडते. ज्याने पुढे पोलादी बंपर, विंच किंवा बर्फ सारायचा नांगर बसवला आहे, त्याच्या गाडीच्या नाकावर कायमचे शे-दोनशे किलो आलेले असतात. पुढची स्प्रिंग दबते आणि मूळचा कल वाढतो. अशा गाडीला वजनाला साजेशी जाड स्प्रिंग घालून पुढे उचलणे म्हणजे कंपनीने ठरवलेली उंची परत मिळवणे. मिनेसोटात किंवा मिशिगनमध्ये हिवाळी काम करणाऱ्या ठेकेदाराने हे करावेच.

आता त्या परिणामाकडे येतो ज्यासाठी मला ही प्रस्तावना लांबवावीशी वाटली. पुढची बाजू उचलली की गाडीसोबत तिचे दिवेही वर पाहू लागतात. एफ-१५० च्या चार दारांच्या नेहमीच्या आवृत्तीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुमारे १४५ इंच आहे. पुढे दोन इंच उचलले तर गाडी पाऊण अंशाहून थोडी जास्त मागे कलते. डिपरचा झोत कंपनीतून थोडा खाली लावलेला असतो. २५ फुटांवर साधारण दोन इंच खाली. तेवढ्याच २५ फुटांवर नव्या कलाने झोत चार इंच वर सरकतो. बाकी उरते ती दोन इंचांची चढण. समजा दिवे जमिनीपासून ३८ इंचांवर होते. लेव्हलिंगच्या आधी २०० फुटांवर झोताची वरची कड २२ इंचांपर्यंत उतरलेली असे, म्हणजे समोरच्या मोटारीच्या बंपरच्या उंचीवर. लेव्हलिंगनंतर दिवे ४० इंचांवर गेले आणि झोत चढू लागला, म्हणजे त्याच २०० फुटांवर कड ५६ इंचांवर पोचते. अमेरिकेत रस्त्यांची आखणी करताना मोटार चालवणाऱ्याच्या डोळ्यांची उंची ४२ इंच धरतात. डिपर चालू ठेवूनही हा ट्रक समोरच्याच्या डोळ्यांत अप्पर मारत जातो, आणि ट्रकवाल्याला त्याचा पत्ता नसतो, कारण त्याला स्वतःला रस्ता अधिकच दूरवर उजळलेला दिसतो. मागची बाजू खाली आणून लेव्हल केले तरी कल तेवढाच आणि परिणामही जवळपास तोच. मागे ट्रेलर जोडला की झोत आणखी चढतो.

याचा उपाय फुकट आहे. दिव्यामागे एक स्क्रू असतो. सपाट जागेवर भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करायची, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर चिकटपट्टीने आखायची, आणि झोताची वरची कड त्या रेषेखाली दोन इंच येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा वेगळा दिला असेल तर तो पाळायचा. दहा मिनिटांचे काम आहे. टायर झिजले तर मालकाचे पैसे जातात, सीव्ही जॉइंटवरचे रबरी आवरण फाटले तर मालकाची गाडी अडते. चुकलेल्या झोताची किंमत मात्र समोरून येणारा अनोळखी माणूस मोजतो, आणि त्याला तर कोणी काही विचारलेलेही नसते. या एका गोष्टीत मी कोणतीही सवलत मानत नाही.

अलीकडच्या गाड्यांत याच जातीची आणखी एक बाब आली आहे. काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमागचा रडार गाडीची ठरलेली उंची व कल गृहीत धरून समोरचे अंतर मोजतात आणि वेळ पडल्यास ब्रेक लावतात. उंची बदलल्यावर त्यांची दिशा पुन्हा लावून घ्यावी लागू शकते. अधिकृत सेवा केंद्रात हे आधीच विचारावे.

ओझ्याचा प्रश्न सर्वांत सरळ आहे, आणि मराठी वाचकाला तो समजावायला आकृतीची गरज नाही. बैलगाडी मागे जास्त भरली की ती उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठते. ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपमध्ये तेच घडते. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार ट्रकच्या मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर यावा असा नियम आहे. २७०० किलोचा ट्रेलर असेल तर गोळ्यावर सुमारे ३२५ किलो. गोळा मागच्या चाकांच्याही मागे सव्वा-दीड मीटरवर, त्यामुळे तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचे सुमारे १२० किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर साडेचारशेच्या आसपास येतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक यांची पकड कमी होते. हे लेव्हलिंगशिवायही होते, पण कंपनीच्या कलामुळे गाडी निदान सपाटीला येऊन थांबते. लेव्हल केलेली गाडी इथे शेपटी टेकवून नाक वर करते आणि दिवे थेट आभाळाकडे जातात.

मग मागे हवेच्या पिशव्या बसवून शेपटी पुन्हा उचलायची, हा बाजाराचा सल्ला. पिशव्या चांगल्या आहेत. गाडी सपाट होते, दिवे जागेवर येतात. दोन गोष्टी मात्र त्या करत नाहीत. दाराच्या चौकटीवरचा वजनाचा आकडा त्यांनी वाढत नाही, कारण अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच राहतात. आणि पुढच्या चाकांवरून उठलेले वजन त्यांनी परत येत नाही. त्यासाठी वजन पुढे ढकलणारी, स्प्रिंगच्या दांड्यांची वेगळी हिच, म्हणजे ट्रेलरची जोडणी, लागते. नियमितपणे ट्रेलर ओढणाऱ्याने लेव्हलिंग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला सपाट गाडीच हवी असेल तर ओझ्याप्रमाणे स्वतः उंची सांभाळणारे एअर सस्पेन्शन कारखान्यातून घ्यावे. रॅम १५०० मध्ये ते २०१३ पासून चारही चाकांना मिळते.

नाक वर आणि शेपटी खाली हा प्रकार शोभा म्हणून मुद्दाम करणारेही आहेत. कॅरोलिना स्क्वॉट या नावाने तो ओळखला जातो. पुढची बाजू कित्येक इंच उंच, मागची खाली, आणि ड्रायव्हरला बॉनेटपलीकडचा रस्ता दिसत नाही. नॉर्थ कॅरोलिनाने १ डिसेंबर २०२१ पासून त्यावर बंदी आणली. पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून जास्त उंच असता कामा नये. पुढे व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलिनाने २०२३ मध्ये तसेच कायदे केले. दोन इंचांचे साधे लेव्हलिंग या कायद्यांत सापडत नाही. पण उंच नाकाचा धोका चार इंचांवर अचानक सुरू होत नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या विमा संस्थेने, आयआयएचएसने, २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. आजचे बरेच मोठे पिकअप कारखान्यातूनच या मर्यादेच्या आसपास किंवा पलीकडे असतात. त्यावर आणखी दोन इंच चढवायचे की नाही, हे ज्या गल्लीत मुले सायकल खेळतात तिथे राहणाऱ्याने स्वतःला विचारावे.

वॉरंटीबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. बाहेरचा भाग लावला म्हणून सगळी वॉरंटी आपोआप जात नाही. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ग्राहकाला तेवढे संरक्षण दिले आहे. पण बिघाड त्या भागामुळेच झाला असे दाखवता आले तर कंपनी त्या दुरुस्तीचा खर्च नाकारू शकते. लेव्हल केलेल्या गाडीचा सीव्ही जॉइंट किंवा बॉल जॉइंट गेला तर हा वाद उभा राहणारच. किटची पावती, अलाइनमेंटचा छापील कागद आणि काम करणाऱ्या गॅरेजचे नाव जपून ठेवावे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडेसे. आपल्याकडे पिकअप म्हणजे प्रामुख्याने बोलेरोसारखी मालवाहू गाडी, आणि तिथे पुढची बाजू उचलण्याचा विचार कोणी करत नाही. उलट मागे एखादा पाटा वाढवून घेतात. इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स घेणाऱ्यांत मात्र लेव्हलिंगची हौस दिसू लागली आहे. त्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे. नोंदणीपुस्तकातील तपशील आणि कंपनीने दिलेली मूळ रचना यांत तफावत पडेल असा बदल त्या कलमाने मना केला आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असाच कौल दिला. तेव्हा आरटीओत आधी विचारून मगच स्पॅनर हातात घ्यावा.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक प्रकारच्या सस्पेन्शनची मापे, बोल्ट आवळण्याचा क्रम आणि तपासणीची पद्धत दिली आहे. ती वाचण्याआधी वाचकाने दोन कामे करावीत. दाराच्या चौकटीवरचा वजनाचा आकडा उतरवून घ्यावा. मग चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजावी, एकदा रिकाम्या गाडीची आणि एकदा नेहमीचे जास्तीत जास्त ओझे किंवा ट्रेलर लावून. भरलेली गाडी आत्ताच सपाट उभी राहत असेल, तर किटवर पैसे घालवू नयेत. ती भरूनही मागे उंचच राहत असेल, तर दीड ते दोन इंच उचलायला हरकत नाही. मात्र गाडी रात्री रस्त्यावर काढण्याआधी, त्याच दिवशी, भिंतीसमोर उभी करून दिवे खाली लावावेत.